बुटात अडकलेले पंधरा

“बूट काढा म्हणाली ती पोरगी, मामा. अख्ख्या वर्गासमोर. आणि मी काय करावं? मुकाट काढले.”

मधली सुट्टी चालू होती. हातचे सर शिक्षकखोलीतल्या बाकावर पाय पसरून बसले होते. बाजूला नवे कोरे काळे बूट, त्यांत कोंबलेले मोजे. शिपाईमामा कप विसळता विसळता ऐकत होते.

हातचे सर हे नाव पोरांनी पाडलेलं. सव्वीस वर्षं तिसरीला बेरीज शिकवताना ‘हातचा एक, विसरायचा नाही’ हे ते इतक्यांदा बोलले होते, की बायको म्हणायची, हे दुपारच्या डुलकीतही हातचा धरून असतात. फळ्याच्या वर त्यांनी ठळक अक्षरांत रंगवलं होतं : बोटांवर मोजू नये. बोटं म्हणजे कुबडी, आकडेमोड डोक्यात झाली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. फक्त खुद्द सरांना ती डोक्यात जमत नव्हती. आठ आणि सात म्हटलं की आठ मनात धरायचे आणि पुढचे सात चपलेतल्या पायाच्या बोटांवर मोजायचे, एकेक दाबून.

“माझ्या अंगात दुसरं काही शिकलेलं नाही,” ते मामांना म्हणाले, “पण पायाची बोटं पदवीधर आहेत.”

ही विद्या कुणाला ठाऊक नव्हती, निदान सरांना तसं वाटत होतं. आज मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात मागं खुर्ची टाकून बसणार होत्या. सरांची पोरं पाचवीत गेली तरी बाकाखाली बोटांवर मोजतात, अशी तक्रार होती. आज एक जरी पोर मोजताना दिसलं, तर तिसरी दुसऱ्या कुणाला आणि सरांना कवायत, असं बाईंनी बजावलं होतं. आता सरांची तब्येत अशी, की जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून ते रुमाल शोधतात. रुमाल नुसतं निमित्त.

म्हणून बंदोबस्त चोख केला. वर्गात बोटं मोजण्यात सगळ्यांत पुढं एक बारीक, टोकदार पोरगी होती. तिला सगळे टाचणी म्हणायचे. डोळ्यांसमोर असावी म्हणून सरांनी महिन्यापूर्वीच तिला पहिल्या बाकावर आणलं होतं, आणि हात मांडीखाली दाबून बसायचं, अशी ताकीद दिली होती. घरी बायकोनं आपल्या परीनं हातभार लावला. बाई बघायला येणार तर जरा माणसासारखे जा, म्हणून तिनं बूट आणले. ते एक नंबर लहान निघाले.

तास सुरू झाला तसं सरांनी फळ्यावर गणित मांडलं. तीनशे अडुसष्ट अधिक दोनशे सत्तावन्न. मोठ्या बाई म्हणाल्या, आधी तुम्ही करून दाखवा. सर एककापाशी आले, आठ मनात धरले आणि पाय दाबायला गेले. बुटात बोटं एकमेकांवर चढून बसलेली. एकही हलेना.

“आठ आणि सात चौदा,” सर छातीठोकपणे म्हणाले. “चार लिहिले, हातचा एक.”

उत्तर आलं सहाशे चोवीस. मांडीखाली हात दाबलेली टाचणी कळवळून म्हणाली, “सर, बूट काढा ना. तुमचे पंधरा बुटात अडकलेत.”

महिनाभर सर तिच्या हातांवर नजर ठेवून होते आणि ती सरांच्या पायांवर. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा तिनं सगळी रीत समजावून सांगितली, कुठल्या बोटापासून सुरुवात करतात तेसुद्धा. सरांनी बूट काढले. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आला. “त्याला वाटलं, आपलीच तपासणी आहे,” सर म्हणाले. मग नऊपासून पंधरापर्यंत त्यांनी वर्गासमोर पायांवर मोजून दाखवलं. मोठ्या बाई उठून गेल्या.

“कवायत अंगाला लागेल थोडी,” सगळं ऐकून मामा कप पुसत म्हणाले.

“अंगाला बरंच आधीच लागलंय, मामा.”

एवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. सर अनवाणीच उभे राहिले.

“फळ्यावरची ती ओळ आज पुसून टाका,” बाई म्हणाल्या. “आठ मनात धरून पुढं मोजणं, ही रीत चांगली आहे. लपवलीत कशाला इतकी वर्षं? तिसरी तुमच्याकडेच राहू दे.” मग सरांच्या पायांकडे बघून म्हणाल्या, “आणि शनिवारची कवायतही घ्या. एवढ्या हुशार बोटांना जरा मोकळी हवा मिळेल.”

घंटा झाली. सर बूट तिथंच ठेवून अनवाणी वर्गात गेले. जिन्यात रुमाल शोधला, खुर्चीवर चढून वरची ओळ ओल्या फडक्यानं घासली. रंग काही पूर्ण निघेना, ‘बोटांवर मोजू’ एवढं उरलंच. सर खाली उतरले.

“टाचणे, हात बाहेर काढ,” ते म्हणाले. “सगळ्यांनी काढा. आठ मनात धरा. आता पुढचे सात, सावकाश.”