आधीच लिहिलेलं ‘नाही’

रक्त काढायला तिच्यासारखा हात नाही, हे तिचे वैरीही मान्य करायचे. सुई कधी आत गेली ते कळायचंच नाही, म्हणून पेशंट तिला मुंगीताई म्हणत. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या त्याच लॅबमध्ये, त्याच खिडकीपाशी, त्याच डुगडुगत्या स्टुलावर.

हाताला गुण होता, पण विचारपूस करायचा भारी कंटाळा. नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर खाली एक प्रश्न असायचा: गेल्या आठवड्यात लस घेतली का? लस घेतली की शरीर दोन-चार दिवस आतून खडबडून जागं होतं आणि रक्तातला सूज दाखवणारा आकडा चढतो. आजार काही नसतो. लॅबच्या डॉक्टरणीने हे सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. तेव्हा मुंगीताई मागे बसून जांभया देत होती. “रांग दारापर्यंत जाते, आणि ह्यांना चौकशा हव्यात,” असं पुटपुटत ती रोज सकाळी चहाबरोबर पन्नास फॉर्मांवर ‘नाही’ लिहून गठ्ठा तयार ठेवायची. इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान तिच्या कानावर तरी आलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ तीन वर्षं डायलिसिसवर होता. आईच्या मागे हिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. मंगळवारी तिनेच दटावून त्याला फ्लूची लस टोचून आणलं. गुरुवारी सकाळी फोन आला: किडनी मिळतेय, जुळतेय, लगेच या.

भाऊ खिडकीशी आला तेव्हा ती आनंदाने नुसती भांबावून गेली होती. एका टोचण्यात नळी भरली. गठ्ठ्यातला वरचा फॉर्म ओढला, त्याचं नाव टाकलं, नमुना पळत आत दिला आणि ती पुन्हा रांगेला भिडली.

आकडा आला तो चौपट. सर्जनने फॉर्म पाहिला. लस नाही, म्हणजे कुठेतरी इन्फेक्शन दडलंय. अशा अंगात नवी किडनी घालायला तो धजेना. भावाला कुणी विचारलंच नाही. कागद बोलत असताना माणसाला कोण विचारतं? किडनी ताटकळत ठेवता येत नाही, ती यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

दुपारी रांग संपवून ती वर धावली.

“साहेब, त्याने परवाच लस घेतली होती.”

“मग इथे ‘नाही’ कुणी लिहिलं?” सर्जनने फॉर्म पुढे केला.

अक्षर तिचंच होतं.

बाहेर भाऊ पिशवी भरत होता. “जाऊ दे ताई, आपलं नशीबच फुटकं. पण तुझा हात म्हणजे हात. आजही कळलं नाही मला.”

शनिवारी तो आकडा आपोआप उतरला. भाऊ आणखी अकरा महिने जगला, पण किडनीसाठी पुन्हा फोन आला नाही. ती आता प्रत्येकाला दोन-दोनदा विचारते. रांगेतले लोक वैतागतात, बाई म्हातारी झाली म्हणतात. भाऊ मात्र शेवटपर्यंत नशिबालाच बोल लावत राहिला, आणि ती त्याच्या उशाशी बसून दर वेळी म्हणायची, “हो रे बाबा, नशीबच.”