मधलीची खाण

आमच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे एक लोखंडी डबा. दार हाताने लोटायचं, पितळी हँडल वळवून धरायचं आणि मजला आला की नेमक्या जागी सोडायचं. जरा चुकलं की उतरणाऱ्याच्या पायापुढे वीतभर पायरी. हँडल जिच्या हाती आहे ती पन्नाशीची बाई स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून बसते आणि कुणाकडे फारसं बघत नाही. इथे सगळे तिला बाई म्हणतात. घरी ती मधली. वर दादा, खाली धाकटी, आणि मध्ये ही, जिला विचारायचं नेहमी राहून गेलं.

दिवसभर ती एका काळोख्या भोकातून वर जाते, खाली येते. भिंती इतक्या जाड की दार लागताच फोनची रेंज जाते. तेवढा वेळ जग तिच्यावाचून चालतं. दार उघडलं की ते थोडं पुढे सरकलेलं असतं, आणि तिला कुणी थांबून काही सांगत नाही.

घंटा वाजत नसली की ती फोनवर बुरुजांचा खेळ खेळते. आपले तीन बुरूज, समोरच्या अनोळखी माणसाचे तीन. आठ कार्डांचा डेक आधी बांधून ठेवायचा. कार्ड मैदानात टाकलं की त्यातून राक्षस निघतो, गोफण येते, नाहीतर एखादी भिंत उभी राहते. वेळ संपेपर्यंत ज्याचे बुरूज जास्त पडले तो हरला.

ह्या खेळात भावंडांचा एक ग्रुप आहे. आई गेली, घर विकलं, आणि मग तिघं एकत्र येण्याची तेवढीच एक जागा उरली. कुणाचा गुडघा धरला, कुणाचा खोकला गेला नाही, सगळं तिथेच कळायचं. खोलीत एकटीच राहणाऱ्या मधलीला रोजचं ‘जेवलीस का’ तिथूनच यायचं.

ग्रुपचा म्होरक्या अर्थातच दादा. त्याची मोटार शिकवायची शाळा आहे. शाळेच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि दादाच्या पायाशी दुसरा. समोरचा चुकायच्या आत दादाचा पाय पडलेला असतो. मधलीही त्याच्याकडे शिकायला बसली होती. महिना गेला आणि तिने स्वतः गाडी एकदाही थांबवली नव्हती. तिने नाद सोडला. “तुला जमणार नव्हतंच,” दादा म्हणाला. लिफ्टची नोकरीही त्यानेच लावून दिली. तिथे हँडल एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

गेल्या महिन्यात खेळात ‘दगडी आठवडा’ आला. डेकमध्ये फक्त दगडाची कार्डं चालणार. नऊ सामने जिंकायचे, तीन हरलात की बाहेर. दादाने कुठल्याशा व्हिडिओवरून एक डेक उचलला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: सगळ्यांनी हाच खेळायचा. दुसरा डेक कुणी खेळला तर त्याला ग्रुपमधून काढून टाकीन.

मधली तो खेळली आणि हरली. दुपारी दादाचा फोन आला.

“काय झालं?”

“हरले. तुझ्या डेकने.”

“डेकला कशाला नावं ठेवतेस? राक्षस टाकला की लगेच मागे गोफण टाकायची. टाकलीस?”

“सहाव्या मजल्यावरून घंटा वाजली. गेले.”

“सामना चालू असताना?”

“नोकरी चालू असताना.”

“मग घरी जाऊन खेळ की.”

“घरी गेले की डोळे मिटतात. मी इथेच खेळणार. आणि माझा डेक मी बांधणार.”

“मधले, उगीच डोकं चालवू नकोस. त्या व्हिडिओवाल्याने हजारांनी सामने खेळलेत.”

“लिफ्टमध्ये किती?”

“काढून टाकीन हं तुला.”

“टाक.”

ग्रुप गेला की खोलीत भिंतीच उरतील, हे तिला नीट ठाऊक होतं. तरी तोंडातून गेलेला शब्द तिने परत घेतला नाही. फोन मांडीवर ठेवून ती डेक फोडायला बसली.

पहिला काढला राक्षस. त्याला सारखं कुणीतरी मागून ढकलावं लागतं; असली माणसं तिने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. मग गोफण गेली, कारण ती नेम धरणाऱ्याच्या बोटावर जगते. एकेका कार्डाला तिचा एकच प्रश्न होता: मी नसताना तू काय करशील?

एका कार्डाने उत्तर दिलं. खाण. ते कुणी वापरत नसे. टाकलं की काहीच घडत नाही. जमिनीत एक भोक पडतं, बस. पण थोड्या वेळाने त्या भोकातून हातोडेवाली बुटकी दगडी माणसं निघतात आणि कुणी न सांगता चालू लागतात. मग पुन्हा निघतात. हा उद्योग खाण ढासळेपर्यंत चालतो. मधली त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिली. खाणीपुढे तिने दोन भिंती घेतल्या आणि जागा न सोडणारा एक पहारेकरी. बाकीची कार्डंही अशीच, आपल्या पायांवर उभी राहणारी.

ह्या डेकनेही ती एकदा हरली, आणि चूक तिची होती. भिंतीचं कार्ड तिने अडीअडचणीला म्हणून हातात राखून ठेवलं आणि ती वर गेली. खाली आली तेव्हा कार्ड हातात होतं, बुरूज नव्हता. जन्मभर राखून ठेवण्याची सवय. त्या दिवसापासून तिने ठरवलं, दार लागायच्या आत हात रिकामा करायचा.

त्यानंतर ती जिंकत गेली. समोरचे बोटं नाचवत होते, आणि ही डब्यात बसून कुणाला तरी सातवा मजला दाखवत होती. तिच्या सामन्यांचे डेक ग्रुपला दिसत होतेच. एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

“ताई, काढलं गं दादाने तुला.”

“दिसलं मला.”

“एक ओळ लिही ना त्याला. चुकले म्हण.”

“काय चुकले?”

“काही का चुकेना! लिहायला काय जातं?”

“तू कुठला डेक खेळतेस?”

“दादाचाच. गेले बाहेर कालच.”

“मग चुकले असं तूच लिही.”

धाकटी रडता रडता हसली. मधली हसली नाही. जेवलीस का, हे त्या रात्री तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने जेवणही अर्ध्यावरच टाकलं.

दोन सामने हरून झाले होते, नववा विजय बाकी होता. सकाळची गर्दी ओसरल्यावर तिने सामना सुरू केला आणि आठव्या मजल्याची घंटा वाजली. खाण टाकली, भिंती टाकल्या, पहारेकरी उभा केला आणि दार ओढलं. अंधारात फोनचा पडदा राखाडी झाला. वर दोन हमाल एक लोखंडी कपाट घेऊन उभे होते. कपाट तिरपं करा, सरळ करा, कोपरा सांभाळा, असं करत ते आत आलं. खाली दार उघडताच तिने फोन पाहिला. वेळ संपली होती आणि बुटक्यांनी समोरचा एक बुरूज पाडला होता. तिचे तिन्ही उभे.

“काय झालं, बाई?” हमालाने विचारलं.

“काही नाही. कपाट काढा.”

दुसऱ्या दिवशी दादा आला. मधलीचे नऊ झाले हे धाकटीने कळवलं असणार. हातात फोन, नजर फोनवर, तसाच तो लिफ्टपाशी येऊन उभा राहिला. त्याचेही दोन हरून झाले होते आणि सामना चालू होता.

“तुझ्याशी बोलायचंय,” तो म्हणाला आणि आत शिरला. मागून दोघं जण आले. चौथा, म्हणाले.

“दादा, बाहेर थांब. आत रेंज जाते.”

“मला शिकवू नकोस. चल तू.”

“राक्षस चाललाय तुझा. एकटा पडेल.”

“चल म्हणतो ना!”

तिने दार ओढलं. दुसऱ्या मजल्याच्या आसपास पडदा राखाडी झाला. “थांबव!” दादा ओरडला आणि त्याचा उजवा पाय लिफ्टच्या जमिनीवर दाबला गेला. तिथे काही नव्हतं. “अगं थांबव!”

“दार मजल्यावरच उघडतं.”

चौथ्यावर ती दोघं हसू दाबत उतरली. दादाही बाहेर पडला. फोन जागा झाला, आपले बुरूज पडलेले दिसले, आणि त्याने तो उलटा करून छातीशी धरला. मग इकडे तिकडे बघत म्हणाला, “तुझा तो डेक पाठव. पुढच्या वेळेसाठी.”

“कुठे पाठवू? मी ग्रुपमध्ये कुठे आहे?”

त्याने तिथल्या तिथे बोटं चालवली. तिच्या फोनवर आमंत्रण आलं. तिने ते दाबलं नाही.

“आता काय?”

“डेक ज्याचा त्याचा. हे ग्रुपवर लिही. मग येते.”

“तू मला अटी घालणार?”

“हो. आणि तो डेक तुला जमायचा नाही. त्यात कार्डं टाकून झाली की हात मागे घ्यायचा असतो.”

वरून घंटा वाजली. दादा घाईघाईने काहीतरी लिहायला लागला आणि फोन तिच्यापुढे धरला. ‘डेक ज्याचा त्याचा.’ त्याखाली: ‘पण आधी मला विचारून.’

“खालची ओळ काढ,” मधली म्हणाली आणि दार ओढून वर गेली.

वर माणसं घेतली. खाली येताना चौथ्या मजल्यावर थांबली. दादा तिथेच उभा होता, भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. त्याने फोन दाखवला. एकच ओळ उरली होती.

“पाठवलीस?”

“पाठवली.”

“ये आत. खाली सोडते.”

तो आत आला आणि फोन त्याने खिशात घातला. तळमजला येईपर्यंत त्याची नजर हँडलवरच्या तिच्या हातावर होती. तिने ते नेमक्या जागी सोडलं. सगळी माणसं उतरली, दादाही उतरला, मग तिने आमंत्रण दाबलं.