घड्याळजी पंपावर का जातात

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींचं पेट्रोल पंपावरच्या कॅशियरबाईंशी सूत जुळलंय, अशी कुजबुज एकेकाळी घरोघरी होती. मला ती केस कापून घेताना कळली, म्हणजे पक्कीच. दुकान बंद केलं की गृहस्थ भांग पाडून थेट पंपावर. गाडी सोडा, साधी सायकल नाही. शिवाय बाईंनी त्यांना बसायला चक्क स्वतःचं स्टूल दिलेलं. उगाच कोणी स्टूल देतं का?

सुरुवात झाली घड्याळजींच्या मेव्हण्यापासून. बायकोचा हा धाकटा भाऊ बँकेची क्रेडिट कार्डं विकायला लागला आणि पहिला बकरा घरातलाच धरला.

"दाजी, तुमचा जास्त खर्च कशावर होतो?"

"किराणा. आणि आईची औषधं."

"मग हे पेट्रोलचं घ्या."

"अरे, मी दुकानात चालत जातो."

"किराण्याच्या कार्डांचं माझं टार्गेट झालंय. पेट्रोलचं एक कमी पडतंय."

आतून बायको म्हणाली, "अहो, करा की सही. नवी नोकरी आहे त्याची."

डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस, पण कागद न वाचता सही करून मोकळा झाला. म्हणजे अडकला. वर्षभरात ठरावीक रकमेचं पेट्रोल भरलं तरच कार्डाची वार्षिक फी माफ होणार होती. फी भरायची तर आईची महिन्याची औषधं गेली. वर्षाच्या आत कार्ड बंद करायचं तर मेव्हण्याची नोकरी गेली. इकडे आड, तिकडे विहीर, मधे घड्याळजी.

मग रोज संध्याकाळी पंपावर अजिजी.

"भाऊ, पेट्रोलचे पैसे माझ्या कार्डावरून देऊ? तुम्ही मला रोख द्या."

"का? कार्ड चोरीचं आहे?"

"नाही हो, मेव्हण्याने दिलंय."

"मग त्याने चोरलं असेल," म्हणत स्कूटरवाला पुढे सरकायचा.

कुजबुज शेवटी बायकोच्या कानावर गेली. हातातलं काम टाकून ती तरातरा पंपावर आली, तर नवरा एका टेम्पोवाल्यापुढे हात जोडून उभा. तिला बघून घड्याळजी खालच्या आवाजात म्हणाले, "बंद करू का गं हे?"

"त्याचं लग्न ठरतंय," ती म्हणाली. "एवढं वर्ष काढा."

मग पदर खोचून तीही उभी राहिली. पुरुषांच्या गाड्या हे अडवायचे, बायकांच्या ती.

वर्ष संपलं. मेव्हण्याचं लग्न झालं, बढतीही मिळाली. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, आता माझं काम वेगळं आहे. जुनी कार्डं बंद होऊ द्यायची नाहीत."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ती पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेली.

ते अजूनही पंपावर जातात. बाईंशी त्यांचं कधीच काही नव्हतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती आणि कार्ड पेट्रोलचं होतं.