बिनकाट्याचा दिवस

आज क्रिकेटची फायनल. आमच्या कोपऱ्यावरच्या मालवणी खानावळीत दुपारीच टेबलं हलवली होती. रोज समोरासमोर असणाऱ्या खुर्च्या एकाच भिंतीकडे तोंड करून रांगेत मांडल्या होत्या आणि त्या भिंतीवर भला मोठा पडदा. मी नेहमीसारखं बांगड्याचं ताट मागितलं.

“आज मासा नाही हो,” खानावळ चालवणाऱ्या शोभाताई म्हणाल्या. “मागच्या फायनलला दोघांच्या घशात काटा अडकला. नजर तिकडे आणि हात ताटात. आज सगळं बिनकाट्याचं. सोललेल्या कोळंबीची भजी देऊ?”

“म्हणजे लोकांना खाली बघून जेवा म्हणायचं सोडून तुम्ही मासाच बंद केलात?”

“गिऱ्हाइकाला मी काय सांगणार?”

मला संताप आला. बांगडा खाताना माणूस गप्प होतो, बोटांनी काटा चाचपतो, ताटाकडे बघतो. दिवसभरात तेवढाच वेळ आपण समोरच्या गोष्टीकडे नीट लक्ष देतो. आता तेही नको. जे जे टोचेल ते आधीच कुणीतरी काढून ठेवायचं, मग घास असो की बोलणं.

चडफडत भजी घेतली आणि बसलो. खुर्ची अर्थातच पडद्याकडे वळलेली. सामन्याला अजून अवकाश होता, नुसत्या जाहिराती चालल्या होत्या.

“कशी झाली होती भजी?” शोभाताईंनी विचारलं.

मी खाली पाहिलं. प्लेट रिकामी होती. भजी तिखट होती की अळणी, मला काही केल्या आठवेना.