स्पीकर बंद केला तो रविवार
प्रॅक्टिसनंतर गुडघ्यांना लावायच्या बामचा वास आला की अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या घरातला तो रविवार आठवतो. बाहेर बर्फ पडत होता, आत प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेल्या पॉटलकची गर्दी होती आणि माझा फोन बाबांच्या हातात, स्पीकरवर होता. पलीकडे एका कॉलेजच्या व्हॉलीबॉल कोच होत्या. त्यांच्या टीममध्ये स्कॉलरशिपची एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. पण बोलत होते बाबा, एखाद्या स्थळाला माहिती द्यावी तसे. "मॅथ्समध्ये हुशार आहे, भरतनाट्यम शिकलीय, एकदम शांत मुलगी." शेजारच्या काकू कुजबुजल्या, "हाइट विचारली तर थोडी वाढवूनच सांगा हं!" कोच म्हणाल्या, "सर, मला तिच्याशी बोलायचंय." "ती जरा लाजते," बाबा हसून म्हणाले. माझे कान तापले. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, स्पीकर बंद केला आणि थंडगार गराजमध्ये जाऊन उभी राहिले. "मी बुटकी आहे आणि आता वाढणार नाही," मी म्हटलं. "तुमची मॅच पाहिली मी. नेटवरून हळूच टाकलेले चेंडू तुमच्या मागच्या फळीतल्या मुली सोडून देतात. मी सोडत नाही. येऊन बघा." त्या आल्या, त्यांनी पाहिलं आणि जागा मला मिळाली. बाबा आजही सगळ्यांना सांगतात, "आम्ही बोललो होतो ना कोचशी!" सांगू देत. चारचौघांत मी अजूनही गप्पच असते, पण चेंडू माझ्या दिशेने आला की सगळं जिम दणाणेल अशी "माईन!", माझा, म्हणून ओरडते.