महादेव भावजींचा ॲक्सल

आमच्या नागावच्या समुद्रावर पर्यटकांना फिरवणाऱ्या जुन्या जीपगाड्या आहेत. त्यातल्या निम्म्या गाड्यांना माझ्या धाकट्या दिरांचा, महादेव भावजींचा हात लागलेला आहे. खाऱ्या पाण्याने गाडीचं पोट कुजतं. ते कापायचं, नवं लोखंड जोडायचं, हे काम त्यांनी आमच्या नारळाच्या वाडीत, झापांच्या छपराखाली तीस वर्षं केलं. बोलणं कमी. गिऱ्हाईक मागे लागलं की म्हणायचे, "घाई असेल तर घोडागाडी करा."

त्यांची एक पद्धत होती. लोखंडावर एका दमात जास्त वेल्डिंग केलं की ते तापून एका बाजूला ओढलं जातं. म्हणून ते बोटभर टाका घालायचे, थांबायचे आणि खिळ्याला टांगलेली तुळशीची माळ काढून रामनामाची एक माळ ओढायचे. माळ संपेपर्यंत लोखंड निवायचं. मग दुसऱ्या बाजूला टाका. जीपवाले चिडवायचे, "काकांच्या गाडीला डिझेल नको, नुसतं रामनाम भरा." तेही हसायचे. पण त्यांनी जोडलेलं परत तुटून आल्याचं मला आठवत नाही.

पद्मा त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. तिच्या पोटातलं दुखणं हाडांत उतरलं. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, मागेल ते द्या. तिने एकच मागितलं. माहेरी जायचं आणि आईच्या पडवीत बसून तिच्या हातची भाकरी खायची. आईलाच इथे आणू का, असं मी विचारलं तर म्हणाली, "पडवी कशी आणाल वहिनी?"

तिचं माहेर म्हसळ्याच्या वर डोंगरात, कातळवाडी. बारा घरं. गेल्या पावसात ओढ्यावरचा साकव वाहून गेला आणि पलीकडचा चार किलोमीटर रस्ताही. उरले ते धोंडे. वर फोनही लागत नाही. तिची आई मनुबाई ऐंशीच्या पुढची, खुब्याने अधू, डोळ्यांनीही कमी दिसतं.

भावजींनी आपली जीप काढली आणि आधी एकटेच रस्ता पाहून आले. तिसऱ्या दिवशी परतले ते पडलेल्या तोंडाने. पुढच्या दोन चाकांना जोडणारी आडवी लोखंडी नळी असते, तिला ॲक्सल म्हणतात. ती धोंड्यावर आपटून वाकली होती.

"वाळूवर चालते ती, तिथे नाही टिकणार," ते म्हणाले. "पद्मा आत असताना वाकली तर तिला मधेच घेऊन कुठे बसू? आता नवी नळी आणतो आणि अशी बांधतो की डोंगर आपटला तरी हलणार नाही."

पद्माचा भाऊ रघू तळोज्याच्या कंपनीतून रजा काढून आला होता. तो म्हणाला, "दाजी, कशाला एवढं? साकवापर्यंत गाडीतून, पुढे डोली करू. चौघं जण मी आणतो."

भावजींनी त्याच्याकडे पाहिलं. "जिवंत बाईला चौघांच्या खांद्यावरून नेणार?"

मीही म्हणाले, नको रे, असं अभद्र नको. मला खरंच तसं वाटलं. देवाधर्माचं म्हणून मी बोलले आणि आमच्या घरात त्यात माझं ऐकतात. आतल्या खोलीतून पद्माने सगळं ऐकलं असणार.

रघू वर जाऊन आईला सांगून आला, की जीप वर आली की समज ताई आली.

भावजींनी पेणहून सरळ नळी आणली. तिच्यावर लांबीभर जाड पट्टी उभी बसवायची आणि दोन्ही टोकांना, जिथे चाक वळतं तिथे, त्रिकोणी तुकडे जोडायचे. तीन दिवसांचं काम. मी पद्माचं करून चहा घेऊन वाडीत जायची. ते नळीजवळ उकिडवे बसून माळ ओढत असायचे, ओठ हलत असायचे. मी कप ठेवून परत यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पद्माला धाप लागली. मी वाडीत धावले.

"भावजी, अजून किती राहिलंय? सारखं आईचं नाव घेतेय ती."

"चार टाके."

"मग घाला ना चारही."

माळ अर्धी झाली होती. ती त्यांनी खिळ्याला लावली, डोळ्यांवर काळी काच ओढली आणि चारही टाके एका ओळीत घातले. मी तिथेच उभी होते. काम लवकर उरकतंय म्हणून मला बरंच वाटलं.

निवल्यावर त्यांनी दोरी ताणून पाहिली. नळी वर ओढली गेली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. पण आतून चाकाकडे जाणारा दांडा घातला तर फिरेना. ते बराच वेळ तो दांडा हाताने फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "कापून परत करायला लागेल. दोन दिवस."

मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

दुपारी पद्माने माझा हात धरला. "वहिनी, मला डोली चालेल. सांगा त्यांना."

मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत होतंय. तिला म्हणावं, गादी घालून नेतो, पोटातलं पाणी हलू देणार नाही." मग मीही जोर केला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पद्मा गेली. मी भाताची पेज निववत होते. हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत. भावजी वाडीतून आले, तोंडावर काजळी तशीच. रघूने आणि गावातल्या तिघांनी तिला खांद्यावर नेलं.

वर कातळवाडीत निरोप द्यायला रघू तयार होईना. "आईच्या तोंडासमोर मी एकटा नाही जाणार, दाजी. तुम्ही चला." सावडणं झालं त्या दिवशी दुपारी वाडीतून वेल्डिंगचा आवाज आला. सुतकात कामाला हात लावायचा नाही, माळही धरायची नाही. मी जाऊन पाहिलं. टाका घालून ते बोटांच्या पेरांवर नाम मोजत होते. मी त्यांना अडवलं नाही.

पाचव्या दिवशी निघालो. भावजी, शेजारी रघू आणि मागे मी. मागच्या भागात पद्मासाठी घातलेली गादी तशीच होती, मी कडेच्या फळीवर बसले. साकवाच्या पुढे गाडी धोंड्यांवर चढायला लागली. खालून लोखंडावर दगड आपटल्याचे आवाज येत होते. नळीला काही झालं नाही. भावजी एकेक चाक अलगद उतरवत होते, आणि मधेच मान वळवून गादीकडे बघत होते.

आवाज ऐकून मनुबाई काठी टेकत अंगणात आली. एका हातात तांब्या, त्यावर भाकरीचा तुकडा. आठ दिवस ती रोज तयारी करून बसत होती, असं नंतर शेजारणीने सांगितलं. मी उतरले. तिला लुगड्याचा रंग तेवढा दिसला असेल. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि लांब टाकला. पाणी माझ्या पायांवर घातलं.

"किती वाळलीस गं बाय," ती म्हणाली.

भावजी पुढे झाले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या पायांवर वाकले. आशीर्वादाला म्हणून तिने हात ठेवला. डोकं तासलेलं होतं. हात तिथेच राहिला. मग तिने तो हळूहळू सगळ्या डोक्यावरून फिरवला, कानामागेही फिरवला.

"कवा?" तिने विचारलं.

"शुक्रवारी," भावजी म्हणाले.

ती रडली नाही. पडवीत जाऊन बसली. चुलीवर केलेल्या भाकऱ्या टोपल्यात होत्या, त्या शेजारणीने झाकून ठेवल्या.

दहाव्यासाठी तिला खाली न्यायचं ठरलं. रघूने उचलून तिला जीपमध्ये ठेवलं. फळीवर बसता येईना, म्हणून मी तिला गादीवर निजवलं. धोंड्यांची उतरण सुरू झाली. अर्ध्या वाटेवर मनुबाईने गादीवरून हात फिरवला.

"हितं निजवून आणनार हुतास तिला?"

"व्हय," भावजी म्हणाले.

पुढच्या धोंड्यावरून गाडी उतरली तशी ती म्हणाली, "बरं केलं हुतंस. हादरा न्हाय लागत."

भावजींनी गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रघूने गिअरवरचा त्यांचा हात धरून ठेवला. त्या वाटेने दुसरी गाडी येणार नव्हती. आम्ही तसेच बसून राहिलो.