सेनापतीने मागितलेली माफी

त्या रविवारी आमच्या महाडच्या ख्रिस्ती मंडळीत वाद पेटला, आणि काडी मीच लावली होती.

आमची मंडळी म्हणजे वीस-बावीस माणसं. डेअरीच्या वरची भाड्याची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी. उपासना संपली की पाळक विचारतात, कोणाला काही प्रश्न? सहसा कोणाला नसतो, कारण सगळ्यांना जेवायची घाई असते. त्या दिवशी मी हात वर केला आणि जुन्या करारातली सेनापतीची गोष्ट काढली.

गोष्ट अशी. परक्या देशाचा एक मोठा सेनापती, अंगावर कुष्ठरोग. इस्राएलातल्या संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तो नदीत सात वेळा बुडी मारतो आणि बरा होतो. मग म्हणतो, यापुढे मी तुमच्या देवाशिवाय कोणाला भजणार नाही. पण एका बाबतीत मला माफी असावी. माझा राजा त्याच्या देवळात माझ्या हातावर टेकून जातो. तो वाकला की मलाही वाकावं लागतं. यावर संदेष्टा एवढंच म्हणतो की शांतीने जा. हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. सगळी भानगड तिथे आहे. मी विचारलं, गावच्या पालखीपुढे बापासाठी मलाही असं वाकावं लागलं तर?

पाळक माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला वकील. ते म्हणाले, "ही परवानगी नव्हे, हा नुसता निरोप आहे. सेनापती नुकताच विश्वासात आलेला, म्हणून त्याला सांभाळून घेतलं. तुम्हाला अकरा वर्षं झाली. तुमच्यासाठी ते तीन तरुण आहेत, सोन्याच्या मूर्तीपुढे वाकण्यापेक्षा ज्यांनी आगीची भट्टी पत्करली. आज्ञा म्हणजे आज्ञा."

मागच्या खुर्चीवरून आमच्या सिस्टर बोलल्या. सरकारी दवाखान्यात उभा जन्म काढून रिटायर झालेल्या, त्यामुळे कोणाला घाबरत नाहीत. "पास्टर, त्याच अध्यायात पुढे संदेष्टा, सेनापतीकडून खोटं बोलून भेटी उकळणाऱ्या आपल्या लोभी नोकराला काय शिक्षा करतो तेही वाचा. तो तोंडावर बोलायला भिणारा माणूस नव्हता. नको म्हणायचं असतं तर सरळ नको म्हणाला असता. आणि आईबापाचा मान राखा, ही पण आज्ञाच आहे ना?"

झालं! अर्धे इकडे, अर्धे तिकडे. ढोलकीवाल्यानेही मत दिलं, त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी मात्र दोन्ही बाजूंना मान डोलवत बसलो. जो शेवटी बोलेल त्याचं मला पटायचं. प्रश्न विचारण्याआधी मी निदान अर्धा शहाणा होतो, उत्तरं ऐकून तेवढाही राहिलो नाही.

खरं तर मला शास्त्राचं काही पडलेलं नव्हतं. मला पडली होती माझ्या बाबांची.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या दगडी चौथऱ्यावर येऊन बसते. तिथे पहिला नारळ आमच्या घरचा. मानकऱ्याने नारळ ठेवायचा, पालखीपुढे कपाळ टेकायचं, मग बाकीच्या गावाने पुढे यायचं. बाबा हे आयुष्यभर करत आले. पण दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येईना. गावची रीत अशी की सहाणेवर मानकऱ्याला आधार घरच्याच पुरुषाने द्यायचा. दुसऱ्या घरच्याने, अगदी चुलतभावाने जरी धरलं, तरी मान त्या घरात जातो. बाबांना मुलगा मी एकटा. माझा चुलतभाऊ हात धरायला तयार होता. जरा जास्तच तयार होता.

बाबांनी माझ्या विश्वासाला कधी नावं ठेवली नाहीत. एके काळी मी कंपनीतून सुटलो की गुत्त्यात पडलेला असायचो, आणि बायको न् बाबा मला शोधत फिरायचे. प्रार्थनेला बसायला लागलो तेव्हा ती दारू सुटली. भावकी खवळली. बाबा एवढंच म्हणाले, "ज्यानं सोडवली त्याला धरून ऱ्हा."

तर अशा बापाने शिमग्याआधी फोन केला. "यंदा माझा हात धरशील ना रे? यंदापुरतं." मी म्हणालो, "बघतो." बापाला बघतो म्हणणारा मुलगा! फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड आली.

मंडळीतल्या वादानंतर मी माझ्यापुरता एक तोडगा काढला. बाबांना धरायचं, ते वाकले की गुडघे थोडे दुमडायचे, पण मान ताठ ठेवायची आणि मनात प्रभूचं नाव घ्यायचं. आरशासमोर उभा राहून मी तसं करून बघत होतो. बायको भाकऱ्या टाकता टाकता म्हणाली, "कंबर धरलीय का? बाम देऊ?" खरं काय ते सांगितलं, तेव्हा ती हसायची थांबली. "तुम्ही देवाला फसवताय की गावाला, ते तरी आधी ठरवा," म्हणाली आणि तवा उतरवून ठेवला.

ते काही ठरलं नाही. मी तसाच बायकोला घेऊन गावाला गेलो.

पालखी दुपारी सहाणेवर आली. बाबांनी धुतलेला सदरा, पांढरी टोपी घातली होती. डाव्या हातात नारळ, उजवा हात माझ्या हातात. सगळा गाव पालखीकडे कमी आणि माझ्या मानेकडे जास्त बघत होता. चुलतभाऊ अगदी लागून उभा होता. त्याच्या हातातही एक नारळ होता. असावा म्हणून आणला, असं त्याने नंतर सांगितलं.

बाबांनी नारळ ठेवला. डाव्या हाताने ठेवायला बराच वेळ लागला. आता वाकायचं. मी गुडघे सैल केले आणि वाट बघू लागलो. तेव्हा मी काय केलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

बाबा वाकलेच नाहीत. त्या अंगाने जेवढं ताठ राहता येईल तेवढे ताठ उभे राहिले. पालखीकडे बघत काहीतरी पुटपुटले, मग माझा हात दाबून म्हणाले, "चल."

"काका, कपाळ टेकायचं ऱ्हायलं!" चुलतभाऊ साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला.

"माझं झालंय," बाबा म्हणाले. आम्ही खाली उतरलो.

घरी ओटीवर बसवल्यावर मी विचारलं, "बाबा, वाकला का नाय तुम्ही?"

"मी वाकलो असतो तर तुलापन खाली यावं लागलं असतं. तू गुडघं सैल केलंस. मला कळत नाय होय?"

"आणि देवी?"

"तिला सांगितलं ना. म्हटलं, जल्मभर वाकलोय तुझ्यापुढं, आज माफ कर. पोर कुनाला तरी सबूद देऊन बसलंय, तो माझ्यापायी मोडाय नको." असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. मी आत जाऊन हंड्याशी नुसताच उभा राहिलो. पाणी शेवटी बायकोने नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. मानकरी वाकला नाय म्हणजे मान पोचला नाय, असं ठरलं. पुढच्या वर्षापासून पहिला नारळ चुलतभावाच्या घरचा. "बरं झालं," बाबा म्हणाले, "मला तरी कुठं उभं ऱ्हावतंय." मग ते किती तरी वेळ खुंटीवर टोपी शोधत राहिले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती. मला ते बघवेना.

महाडला परतताना डोक्याचा पार भुगा झाला होता. इतके दिवस त्या अध्यायात मी स्वतःला सेनापती समजत होतो. माफी मागायची पाळी माझी, असं धरून चाललो होतो. इथे ती बाबांनीच मागितली, आणि तीही त्यांच्या देवीकडे. मग मी त्या गोष्टीत कोण? हातावर टेकणारा राजा? की तो लोभी नोकर? आज्ञा मी पाळली की माझ्या नावावर दुसऱ्याच कोणी पाळली? घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला, आणि पहिल्यापेक्षा कमी कळला.

रविवारी पाळकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "भाऊ, वाकलात?"

"नाही."

"हालेलुया!" आज्ञापालन म्हणजे काय ते यांच्याकडून शिका, वगैरे सुरू झालं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सिस्टरांनी मधेच विचारलं, "आणि वडील? ते वाकले?"

"तेही नाही वाकले."

 मग पाळकांचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचं आधीच कळलं. "म्हणजे प्रभूने वडिलांनाही धरलं! या वयात मूर्तीला नकार दिला त्यांनी! टाळ्या वाजवा!" ढोलकी सुरू झाली. माणसं उठून मला मिठ्या मारू लागली. एका बाईने तर माझ्या बाबांसाठी डोळे पुसले.

"थांबा," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही, म्हणून ओरडलो, "थांबवा ते!"

ढोलकी थांबली.

"माझ्या बापाने कोणाला नकार दिला नाही. माझ्यासाठी त्याने त्याच्या देवीची माफी मागितली, आणि घराचा मान घालवला. मी अजून कोणाचीच मागितलेली नाही."